एकेचाळिसावा अंगठा

बाजारात त्याला तोंडावर 'भिंगवाले' म्हणत आणि पाठीमागे 'भिंग्या'. डोळ्याला लावलेलं नसेल तेव्हा ते भिंग गळ्यात दोरीला लटकलेलं असे. जेवतानासुद्धा काढत नाही मेलं, अशी बायकोची तक्रार होती. बायको जाऊन सात वर्षं झाली, तक्रार तेवढी घरात राहिली. दुकान म्हणजे एक चिंचोळी खोली, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट आणि टेबलावर पाटीएवढी लाकडी पेटी. पेटीत मखमलीवर नाणी मांडलेली आणि वर सरकवून काढता येणारी काच.

ती काच तो रोज सकाळी पुसायचा. कुलूप काढलं, दिवा लावला की पहिलं काम तेच. कारण रोज सकाळी त्या काचेवर अंगठे उमटलेले असायचे. वरून नव्हे, आतून!

आता तुम्हीच सांगा, दुकान रात्रभर बंद, किल्ली याच्या कमरेला, मग आतून अंगठे लावणार कोण? सुरुवातीला त्याने गिऱ्हाइकांवर ढकललं, मग दमट हवेवर. एकदा, अगदी एकदाच, त्याने ते मोजले. बरोबर चाळीस भरले. त्यानंतर गडी शहाणा झाला आणि नीट बघायच्या आधीच फडकं फिरवू लागला.

कुणी नवखा स्मारक नाणं घेऊन आला, की भिंगवाला त्याला खुर्चीत बसवून शाळाच घ्यायचा. "अहो, कसला तरी समारंभ होतो, कुणाची तरी शंभरी भरते, की टाकसाळ नाणं काढते. आरशासारखं चकचकीत करून डबीत घालते. लोक काय करतात? जपून ठेवतात. सगळ्यांनीच जपून ठेवलं तर त्याला विचारतो कोण? भाव येतो काहीतरी बिनसल्यावर. साल चुकलं, साचा तडकला, नाहीतर लाजेकाजेस्तव नाणी परत मागवून वितळवावी लागली, तर उरलेल्या चारदोनांना सोन्याचे दिवस येतात."

गिऱ्हाईक हसायचं. भिंगवाला हसत नसे, कारण त्याचं अख्खं दुकान अशाच एका बिनसण्यावर उभं होतं.

नदीवर मोठा पूल बांधला होता तेव्हाची गोष्ट. उद्घाटनाचं नाणं आधीच पाडून तयार होतं. एका बाजूला पुलाच्या कमानी, दुसऱ्या बाजूला तारीख. मधल्या कमानीवर काम करणारे एकेचाळीस कामगार होते, त्यांचा मान म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांना एकेक डबी दिली. कामगारच ते, डबी कपाटात ठेवतील होय? घरी जाऊन प्रत्येकाने नाणं बाहेर काढलं, वंगणाच्या हातांनी बायकोला दाखवलं, पोरांना दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्या एकेचाळीस जणांना कौतुकाने मधल्या कमानीवर उभं केलं, भरलेल्या गाड्या पुलावर सोडल्या आणि मधली कमान नदीत गेली. निम्म्यांचे देहसुद्धा सापडले नाहीत. पडलेल्या पुलाचं नाणं कोण वाटणार? टाकसाळीने सगळा ढीग वितळवला. उरली ती फक्त त्या एकेचाळीस घरांतली.

हे सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात आलं असेल? तेव्हा भिंगवाला पंचविशीत होता, डोकं तल्लख आणि खिसा रिकामा. महिनाही उलटला नव्हता, तोच तो दारोदार फिरला. "वहिनी, सरकार ही नाणी परत मागतंय. घरात सापडलं तर उगाच झंझट होईल. मी घेऊन जातो, वर तुम्हाला थोडेफार देतो." रडून डोळे सुजलेल्या बायका, त्यांना कसलं सरकार आणि कसलं काय! चाळीस घरांनी नाणी दिली.

नाणी आली खरी, पण प्रत्येक नाण्यावर अंगठा. आरशासारख्या नाण्यावर घामाचा हात लागला की ठसा धातूत मुरतो, आणि अंगठा मुरलेल्या नाण्याला शौकीन हात लावत नाहीत. भिंगवाल्याकडे मात्र एक जादू होती. तिखट वासाच्या पाण्याची वाटी घ्यायची, नाणं त्यात सोडायचं, एक-दोन-तीन म्हणायचं आणि काढून साध्या पाण्यात बुडवायचं. ठसा साफ, आणि धुतलंय हे बापजन्मात कुणाला कळायचं नाही. चाळीस वेळा त्याने एक-दोन-तीन म्हटलं. नाणी गेली, दुकान आलं. आणि पेटीच्या काचेवर अंगठे यायला लागले.

एकेचाळिसाव्या घरची बाई मात्र बधली नाही. "सरकारला म्हणावं, स्वतः ये," तिने सुनावलं होतं. "ह्यांचा अंगठा आहे त्यावर. ह्यांचं दुसरं काही माझ्या हाती लागलेलं नाही."

पुढे शिवणकाम करून करून तिची नजर गेली, मोतीबिंदू पिकले. मग ती दरवर्षी पूल पडल्याच्या तारखेला नाणं घेऊन भिंगवाल्याकडे यायला लागली. "भाऊ, तुमच्याकडे भिंग आहे. बघा आणि सांगा." तो बघायचा आणि सांगायचा, "आहे, वहिनी. जागच्या जागी आहे. त्यांच्या अंगठ्यावरचा छिन्नीचा तिरका व्रणसुद्धा दिसतोय." ती बरं म्हणायची, डबी पिशवीत टाकायची आणि जायची. वर्षातला तेवढा एक दिवस भिंगवाला खरं बोलायचा आणि त्या दिवशी त्याला जेवण गोड लागायचं.

यंदा ती आली ती खुशीत. "भाऊ, डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं! घरात लेकाने रंगकाम काढलंय, सगळा पसारा आहे, म्हणून डबी तुमच्याकडेच ठेवते. पट्टी निघाली की थेट इथे येणार. इतकी वर्षं तुमच्या डोळ्यांनी बघितलं, आता माझ्या बघेन."

"अहो, बिनघोर राहा," तो म्हणाला. आणि ते त्याने अगदी मनापासून म्हटलं होतं.

मंगळवारी त्याने नाणं भिंगाखाली धरलं, तर कडेला मोहरीएवढा हिरवा डाग. ठशापासून लांब होता, पण वाढला तर ठसा खाणार. म्हटलं, आपण एवढं करावं, वहिनींना स्वच्छ दिसेल. त्याने काडीला कापूस गुंडाळला, तिखट पाण्यात बुडवला आणि डागावर टेकवला. काडी जरा जास्तच दाबली गेली. एक थेंब घरंगळला आणि नाण्यावरून ओघळत गेला.

या धंद्यातल्या माणसाला एक सवय हाडीमाशी खिळलेली असते. थेंब पसरला की पट्टा उमटतो, म्हणून क्षणाचाही विचार न करता अख्खं नाणं वाटीत सोडायचं. त्याने ते सोडलं. एक, दोन, तीन. मग साध्या पाण्यात बुडवलं, टिपलं, उजेडात धरलं. नाणं लखलखत होतं, आणि ठसा होता ते कमानीवरचं आभाळ कोरं करकरीत होतं.

"अरे देवा," तो मोठ्याने म्हणाला. "अरे देवा, हे मी काय केलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काचेवर उजव्या कोपऱ्यात एक अंगठा जास्त होता. भिंग लावायची त्याची छाती होईना, पण त्याने लावलं. रेषांवरून तिरका व्रण गेलेला होता. त्याने घाईघाईने पुसलं. गुरुवारी तो पुन्हा तिथेच. शुक्रवारी त्याने दुकान उघडलंच नाही, दारात उभा राहून परत गेला.

मग त्याच्या मनात पाप आलं. नाहीतरी तिने इतक्या वर्षांत ठसा बघितलाय कुठे? आपलाच अंगठा उमटवू, त्यावर सुईने तिरकी रेघ ओढू, झालं! शनिवारी त्याने अंगठ्याला तेल चोळलं आणि नाण्यावर दाबला. उचलून बघतो तर नुसता गोल डाग, एकही रेषा नाही. त्याने तो डाग पुसून टाकला आणि स्वतःचाच अंगठा भिंगाखाली धरला. इतक्या वर्षांच्या तिखट पाण्याने बोटांवरच्या रेषा कधीच खाऊन टाकल्या होत्या, आणि जगभराची नाणी तपासणाऱ्या या माणसाने ते कधी बघितलं नव्हतं. तो खुर्चीत बसून पोरासारखा रडला.

सोमवारी ती आली, डोळ्यांवर काळा चष्मा. टेबलापाशी आल्यावर तिने तो काढला. "अय्या, भाऊ, तुम्ही एवढे म्हातारे झालात होय? आवाजावरून वाटत नव्हतं हो!" आणि हसत हसत तिने हात पुढे केला.

त्याने डबी दिली, भिंग दिलं. तिने नाणं इकडून बघितलं, तिकडून बघितलं, दाराच्या उजेडात नेऊन बघितलं.

"हे कोरं आहे."

"हो, वहिनी."

"आधीपासून कोरं होतं? इतकी वर्षं माझी समजूत काढत होतात?"

"नाही, शपथ! गेल्या मंगळवारपर्यंत होता. मी घालवला. डाग काढायला गेलो आणि हात..."

ती मटकन खुर्चीत बसली. मग तिची नवी नजर समोरच्या पेटीवर गेली. आज त्याने काच पुसली नव्हती. ती वाकली, भिंग डोळ्याला लावलं आणि कोपऱ्याशी येऊन थबकली.

"हा... हा ह्यांचा आहे! हा बघा व्रण. छिन्नी लागली तेव्हा मीच चिंधी बांधली होती." तिने काचेला बोट लावलं नाही, जवळ नेलं फक्त. "आणि हे बाकीचे कोण?"

भिंगवाल्याने सांगितलं. चाळीस दारं, सरकारचं खोटं नाव, वाटी, एक-दोन-तीन, रोज सकाळचं फडकं, काहीसुद्धा गाळलं नाही. सांगता सांगता सवयीने त्याचा हात फडक्याकडे गेला, तशी तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"खबरदार! रोज यायचे बिचारे, आणि तुम्ही रोज पुसायचात? लाज कशी नाही वाटली हो तुम्हाला? त्या चाळिसांतल्या सुताराची बायको त्या नाण्यासाठी मरेपर्यंत हळहळली. ती म्हणायची, घाबरून दिलं मी, घाबरून दिलं."

तिने काच सरकवून पेटीतून बाहेर काढली, फडक्याच्या चार टोकांत अलगद गुंडाळली आणि बाळासारखी छातीशी धरली. "घरं मला सगळी ठाऊक आहेत. एकेका दारी नेते. ज्याचा त्याला ओळखू दे."

"वहिनी, तुमचं नाणं..."

"ठेवा की," ती दारातून म्हणाली. "चाळीस घेतलीत, हे एकेचाळिसावं. आता कोरं आहे, भाव चांगला येईल."

भिंगवाल्याने पेटीला नवी काच बसवली. मंगळवारी सकाळी कुलूप काढून तो हातात फडकं घेऊन उभा राहिला, तर काच स्वच्छ होती. बुधवारीही स्वच्छ. बाकीची नाणी त्याने कपाटात टाकली होती, मखमलीवर ते एकेचाळिसावं एकच होतं, गिऱ्हाईक विचारायचं आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. आठवडाभराने त्याला ती स्वच्छ काच बघवेना. त्याने स्वतःचा अंगठा तिच्यावर दाबून धरला आणि उचलला. काचेवर एक गोल डाग उमटला होता, त्यात एकही रेषा नव्हती.