डावा आला, पाणी हो गं

डावा आला, पाणी हो गं,
उजवा आला, दार हो;
घाव वरचा, वेल हो गं,
पाय खालचा, पार हो.

आई हे गाण्यासारखं म्हणायची नाही आणि बोलण्यासारखंही नाही. सुई जशी कागदात बुडते आणि वर येते, तशा लयीत म्हणायची. पुस्तक-बांधणीच्या कारखान्यात दिवसभर ती पानं शिवायची, आणि संध्याकाळी त्याच कारखान्याच्या वरच्या खोलीत, खळीच्या वासात, मुलींना कुंग फू शिकवायची. दोघींनी समोरासमोर उभं राहून करायच्या जोडीच्या हालचाली पोरींच्या ध्यानात राहात नसत, म्हणून तिने त्यांच्या ओळी बांधल्या होत्या. डावा ठोसा आला की दोन्ही हात त्या बाजूला नेऊन पाण्यासारखं खाली उतरायचं. उजवा आला की बिजागरीवरच्या दारासारखं अंग फिरवायचं. वरून घाव आला की वेलीसारखं त्या हाताला वेढायचं, खालून पाय आला की त्यावरून पार जायचं. ओळ कानावर पडली की अंगाने उत्तर दिलंच पाहिजे, विचार करायला थांबायचं नाही, असा तिचा दंडक होता.

घरातली तिची जोडी म्हणजे अकरा वर्षांची थोरली आणि पाच वर्षांची धाकटी. धाकटी स्वतःभोवतीच फिरत राहायची म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. आई ओळी म्हणायची आणि दोघी स्वयंपाकघरातल्या फरशीवर एकमेकींना मारायच्या, एकमेकींपासून वाचायच्या. मग आई आजारी पडली आणि महिन्याभरात गेली.

वरची खोली तिच्या सगळ्यात जुन्या शिष्याने सांभाळली. तो खाली कागद कापायच्या यंत्रावर असायचा, वर आला की सगळे त्याला सर म्हणत. सरांना ओळी येत नव्हत्या; ते शिकले तेव्हा आईने त्या बांधल्याच नव्हत्या. ते आकडे म्हणायचे, एक, दोन, तीन, चार. थोरलीला ओळी येत होत्या, पण ओठापर्यंत आल्या की ती त्या परत गिळायची. तेरा वर्षांत तिने त्या एकदाही उच्चारल्या नाहीत. आईच्या जागेवर बसून ती पानं शिवायला लागली, भिंगरीच्या वेण्या घातल्या, तिला ताप आला की उशाशी बसली. भिंगरीला आईचा चेहरा फोटोवरून ठाऊक होता. आवाज मात्र ती विसरली होती. लहानपणी ती विचारायची, ताई, आईचा आवाज कसा होता गं. थोरली म्हणायची, चांगला होता, झोप आता.

वर्षातून एकदा सर त्यांना स्पर्धेला न्यायचे. खोलीत शिकलेलं अंगात उतरलंय की नुसतं डोक्यात बसलंय, ते लढतीच्या चौथऱ्यावर कळतं, असं त्यांचं म्हणणं. या वर्षी दोघी बहिणी एकाच वजनगटात आल्या आणि एकेक लढत जिंकत अंतिम फेरीत समोरासमोर उभ्या राहिल्या. जी जिंकेल ती वर्षभराच्या शिबिराला जाणार होती, आणि मोठा संघ तिथूनच निवडला जायचा. थोरली चोवीस वर्षांची होती. पंचविसावं लागलं की प्रवेश नव्हता. भिंगरीपुढे अजून सहा वर्षं होती.

बाकीच्या पोरींच्या चेष्टेला ऊत आला होता. उद्यापासून घरची भांडी कोण घासणार त्याचा आज निकाल, असं म्हणत त्या दोघींच्या हातमोज्यांच्या पट्ट्या आवळत होत्या. सरांना कोणाच्याच कोपऱ्यात बसवेना. ते दोन्ही खुर्च्यांच्या मधोमध, भिंतीला टेकून उभे राहिले. चौथऱ्यावर चढण्याआधी थोरलीने धाकटीच्या छातीवरचं कवच सारखं केलं आणि म्हणाली, "हातचं राखून खेळलीस तर घरी येऊ नकोस."

"तू तुझं बघ, म्हातारे," भिंगरी म्हणाली.

भिंगरीने हातचं काही राखलं नाही. पहिल्या फेरीत थोरलीला ती सापडलीच नाही. समोर दिसायची, ठोसा पोचेपर्यंत बाजूला असायची, आणि मग बरगडीखाली लाथ बसायची. एकदा तर थोरलीचा पाय अलगद उचलून तिने तिला चौथऱ्याच्या कडेवर बसवलं. बघणारे हसले. पहिली फेरी भिंगरीची.

तीन फेऱ्यांची लढत. दुसरीही गेली तर संपलं. मिनिटभर तशीच गेली. थोरलीला धाप लागली. तेरा वर्षं पानं शिवून वाकलेली पाठ कुरकुरायला लागली. तिला सुईचं टोक दिसलं, रोजची ती खिडकी दिसली, आणि यापुढे रोज तीच खिडकी दिसणार हेही दिसलं. दोघी एकमेकींच्या मानेला हात घालून भिडल्या. कपाळाला कपाळ लागलं. तेव्हा थोरलीच्या तोंडातून, दातांवर बसवलेल्या रबरामागून, घोगरं, जडशीळ असं काहीतरी आलं.

"डावा आला, पाणी हो गं."

भिंगरीचं अंग खाली उतरलं. दोन्ही हात एका बाजूला गेले, गाल उघडा पडला. डावा आलाच नाही. थोरलीचा उजवा ठोसा त्या उघड्या गालावर पूर्ण वजनाने बसला.

पुन्हा भिडल्या. पुन्हा ओळ, आणि ओळीत सांगितल्याच्या उलट बाजूने ठोसा. तीनदा तसं झालं. गोंगाट एवढा होता की पंचाच्या कानावर काही गेलं नाही. दुसरी फेरी थोरलीची.

तिसऱ्या फेरीत थोरली एक अक्षरही बोलली नाही. आता नको, आता सरळ लढायचं, असं तिने कोपऱ्यात बसून ठरवलं होतं. पण भिंगरी लढेचना. तिने मान थोडी कलती केली, दूरच्या कोणाची हाक येतेय की काय असा कानोसा घेतला, आणि तिचे हात हळूहळू खाली आले. थोरलीने मारलं. हात वर गेले नाहीत. थोरलीने पुन्हा मारलं, कारण आता थांबली तर लोकांना कळलं असतं. भिंगरी गुडघ्यावर आली तरी तिची मान कलतीच होती.

निकाल लागला तेव्हा टाळ्या कमी वाजल्या आणि कुजबुज जास्त झाली. मुख्य पंच असलेल्या बाईंनी सरांना टेबलाशी बोलावलं. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. मोठी जीव तोडून लढली, ते सगळ्यांनी पाहिलं. लहानीने मात्र हात खाली सोडले, बहिणीसाठी लढत सोडली. मुद्दाम हरणाऱ्याला दोन वर्षं बंदी. तिचं काही म्हणणं असेल तर तासाभरात लेखी द्यावं. सर परत आले ते एकदम पोक काढून. त्यांनी भिंगरीला विचारलं, रागावून विचारलं, गोडीने विचारलं. तिने तोंडातून ब्र काढला नाही.

सामानाच्या खोलीत, घामेजल्या कवचांच्या ढिगाशेजारी, ती एकटीच बसली होती. थोरली ओला रुमाल घेऊन आत आली. भिंगरीचा गाल सुजून डोळ्याला भिडला होता. थोरलीने रुमाल टेकवला तशी भिंगरी कळवळली, आणि मग हसली. 

"ताई, कोणाला सांगू नकोस. वेडी म्हणतील." ती अगदी हळू बोलत होती, मांडीवर निजलेलं मूल उठेल अशा बेताने. "आई आली होती."

थोरलीने रुमालाची घडी उलटून पुन्हा गालावर टेकवली.

भिंगरी सांगत राहिली. कानाशी आली होती. असा जाडसर आवाज, आणि शेवटचा गं लांबवलेला. मला वाटायचं, माझ्या डोक्यात तो कुठेच उरला नाही. उरला होता बघ. तिसऱ्या फेरीत मी वाट बघत होते. म्हटलं, हात हलवले तर ऐकू यायचं नाही. बंदी तर बंदी. दोन वर्षं काय, बसल्या बसल्या जातील.

मग तिने रुमाल थोरलीच्या हातून घेऊन स्वतःच गालावर धरला, आणि तुझं शिबिर कधीपासून, किती कपडे न्यायचे, असलं काहीबाही विचारायला लागली. थोरली ढिगातली कवचं एकावर एक रचू लागली. सांगितलं तर शिबिर जाणार. चौथऱ्यावर प्रतिस्पर्ध्याशी बोललं की लढत बाद, हा नियम तर नियमांच्या पहिल्याच पानावर होता. शिबिर गेलं तर गेलं, असं एका क्षणी तिला वाटलंही. पण सांगायचं म्हणजे या पोरीला आज सापडलेली आईही तिच्या हातून काढून घ्यायची. न सांगण्यात दया आहे, असं तिने मनाला सांगून पाहिलं. मन काही ऐकेना. ते म्हणालं, दया म्हणतेस, आणि शिबिराची पिशवीही भरतेस.

बाईंनी बोलावलं. लहानशा खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, कोरा कागद. सर दाराशी उभे. बाई कठोर नव्हत्या. त्यांनी भिंगरीचा गाल पाहून आधी पाणी मागवलं. मग विचारलं, की दुसऱ्या फेरीपर्यंत तू उत्तम लढत होतीस, तिसरीत हात खाली का आले. भिंगरी म्हणाली, माझं काही म्हणणं नाही. बाईंनी सांगितलं, मग आम्हाला, मुद्दाम हरली, असंच लिहावं लागेल. भिंगरीने मान डोलावली. बाईंनी कागद तिच्यापुढे सरकवला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. भिंगरीने पेन उचललं.

थोरलीने कागदावर हात ठेवला. शिवणीच्या सुईने टोचून टोचून राठ झालेली तिची बोटं सहीच्या जागेवर पसरली. बाईंनी वर पाहिलं, सर एक पाऊल पुढे आले. थोरलीने त्या दोघांकडे पाहिलं नाही. ती बहिणीकडे वळली आणि तिच्या शाबूत डोळ्यात बघत राहिली. एवढा वेळ, की भिंगरीच्या चेहऱ्यावरचं हसू आपोआप ओसरलं.

"भिंगरे," ती म्हणाली, "आई नव्हती आली. मी बोलले होते. तुला पाडायला."