पोपट दोन दिवस आधीच निघाला होता

आग लागण्यापूर्वी माणसाने घरातून काय बाहेर काढलं, हे शोधण्यावर माझं पोट चालतं. मुद्दाम आग लावणारा माणूस पलंग, कपाट, टीव्ही खुशाल जळू देतो. पण फोटोंचा अल्बम आणि पाळलेलं जनावर आदल्याच दिवशी कुणा नातेवाइकाकडे पोचलेलं असतं. स्वतःचं घर पेटवायला निघालेल्यालाही लग्नातले फोटो जाळवत नाहीत. एकोणीस वर्षांत मी याला अपवाद पाहिला नव्हता आणि त्याचा मला जरा जास्तच गर्व होता, हे आधीच सांगून टाकते.

मी विमा कंपनीची नोकर नाही. मी बाहेरची तपासनीस. एखादा दावा कंपनीला खटकला की फाईल माझ्याकडे येते. मी जागा पाहायची, फोटो काढायचे, जबाब घ्यायचे आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं. दावा मंजूर करायचा की फेटाळायचा हे कंपनी ठरवते. मी कुणाला आश्वासन द्यायचं नाही, दम द्यायचा नाही, एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही. आणि दावेदाराकडचा चहा घ्यायचा नाही. हा शेवटचा नियम माझा स्वतःचा. चहा घेतला की समोरचा माणूस चांगला वाटायला लागतो.

या वेळी कंपनीतल्या साहेबांचा आवाज फोनवरच खुलला होता. "सोफे दुरुस्त करणाऱ्याचं वर्कशॉप जळालंय. मागच्या खोलीत नवरा-बायको राहतात, तीही गेली. पण अल्बम शाबूत. बायकोचं शिलाई मशीन शाबूत. पोपट शाबूत. सगळं मेहुणीकडे! अगदी तुमच्या पठडीतली केस आहे मॅडम, उरकून टाका."

"मी उरकत नाही, तपासते," मी म्हणाले. मनातून मात्र मीही खूश झाले होते.

वर्कशॉपमध्ये जळणार नाही असं काही नव्हतंच. फोम, रेक्झिन, कापूस, गोंद. आता नुसत्या स्प्रिंगा उरल्या होत्या. कुठे सहा, कुठे नऊ, ज्या सोफ्यात होत्या त्याच रांगेत उभ्या. सोफावाला त्यांच्यामधून वाट काढत आला. पन्नाशीचा, हडकुळा, बोटांना जुन्या सुयांचे घट्टे. त्याने पहिल्यांदा चहाचं विचारलं. मी पहिल्यांदा नाही म्हटलं.

"आग लागली तेव्हा कुठे होतात?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

"असाच. फिरायला."

"बायको?"

"बहिणीकडे गेली होती. सहज."

"पोपट घेऊन?"

तो पायाने एक स्प्रिंग दाबत राहिला. "त्याला जरा हवापालट."

"आणि शिलाई मशीन? त्यालाही हवापालट?"

यावर त्याने दुसऱ्यांदा चहाचं विचारलं.

आग इस्त्रीच्या टेबलापासून पसरली होती, ते भिंतीवरच्या काळ्या डागावरून आंधळ्यालाही कळलं असतं. इस्त्रीचा वितळून गोळा झाला होता. प्लग बोर्डातच होता. मी फोटो काढला.

"बटण बंद केलं होतं मी," तो म्हणाला. "इस्त्रीवरचं बटण. आईशप्पथ."

"काय इस्त्री करत होतात?"

"शर्ट."

"फिरायला जायला इस्त्रीचा शर्ट?"

खोटं बोलणारी माणसं मला आवडतात, कारण त्यांच्याकडे निदान उत्तरं असतात. हा बाबा नुसता कानापर्यंत लाल होत होता.

"हे बघा," मी म्हणाले, "मी काही ठरवत नाही. पण तुम्ही कुठे होतात ते कळलं नाही, तर मला 'कळलं नाही' असंच लिहावं लागेल."

"आणि मग दावा जाईल."

"ते कंपनी ठरवेल."

"सव्वीस वर्षांचं दुकान आहे मॅडम. पैसे आले नाहीत तर हे काही परत उभं राहत नाही. या वयात मला कारखान्यात कोण ठेवणार?" त्याने शटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता बोलणार. तर म्हणे, "फिरायलाच गेलो होतो. लिहा."

जळालेल्या सामानाच्या यादीवर सही घेऊन मी निघाले. यादीत गिऱ्हाइकांचे आठ सोफे होते, घरचा एकही नव्हता. विचारलं तर म्हणाला, "तो धरण्यासारखा नव्हता." दावा फुगवायची एवढी सोपी संधी सोडणारा ठग मी पाहिला नव्हता. पण माझ्या डोक्यात पोपट बसला होता, त्यामुळे मी तिकडे दुर्लक्ष केलं.

मेहुणीचं घर वीस मिनिटांच्या अंतरावर. पोपट खिडकीत दाणे उधळत बसला होता आणि त्याच्या शेजारी सोफावाल्याची बायको मशीनवर पडदे शिवत होती. मला ओळख पूर्ण करून देऊही न देता ती म्हणाली, "सहज आले असं सांगितलं असेल ना त्यांनी?"

"मला ते सांगता येत नाही."

"सोडून आले मी त्यांना. रविवारी. लिहा."

मी पेन काढलं. "कारण?"

"स्प्रिंग."

तिने मशीन थांबवलं. "अख्ख्या गावाचे सोफे हे नीट करतात. घरातल्या सोफ्याची स्प्रिंग एकवीस वर्षं टोचतेय. रोज विचारते. रोज 'उद्या करतो'. रविवारी माझा नवा कोरा ड्रेस टर्रकन फाटला. तर काय म्हणाले माहितीये? 'तू जरा सरकून बसायचंस ना.' एकवीस वर्षं सरकूनच बसलेय हो मी! मग मशीन उचललं, अल्बम उचलला, पिंजरा उचलला आणि निघाले."

पेन माझ्या हातातच राहिलं. रागाने घर सोडणारी बाई आणि घर पेटवणारा माणूस अगदी एकाच यादीबरहुकूम सामान बांधतात, हे मला एकोणीस वर्षांत सुचलं नव्हतं. मागे मी ज्या अल्बमांवर बोट ठेवलं होतं, त्यांतले किती असे निघाले असतील? मला खरंच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून जबाब खरा ठरत नाही. नवऱ्यासाठी बायका याहून सुरस कहाण्या सांगतात.

फाटकावर कॅमेरा होता. मी मेहुणीला रविवारचं चित्रण दाखवायला सांगितलं. सामान कुणी आणि कधी आणलं, एवढंच मला पाहायचं होतं. रविवारी दुपारी बाई एकटीच रिक्षातून उतरली, काखेत मशीन, हातात पिंजरा, डोक्यात राग. ठीक. मी म्हटलं, आता मंगळवारपर्यंत पुढे न्या. आग मंगळवारी संध्याकाळी लागली होती.

मंगळवार, पाच वाजून चार मिनिटं. फाटकाशी सोफावाला. कडक इस्त्रीचा शर्ट.

तो आला. बेलपर्यंत हात नेला. मागे घेतला. कॉलर ठीक केली. ओठ हलवून काहीतरी म्हणून पाहिलं, मान हलवली, पुन्हा वेगळं म्हणून पाहिलं. कोपऱ्यापर्यंत गेला, परत आला. पुन्हा हात. पुन्हा मागे. शेजारचं कुत्रं येऊन त्याला हुंगून कंटाळून निघून गेलं. असा तो अट्ठेचाळीस मिनिटं होता. मग फोन वाजला, त्याने ऐकलं आणि पळत सुटला. वर्कशॉप पेटल्याचं शेजाऱ्यांनी कळवलं होतं.

"भाऊजी!" मेहुणी म्हणाली. "आणि आपण आत टीव्ही बघत बसलो होतो."

सोफावाल्याची बायको कॅमेऱ्याच्या पडद्यावरून नजर हटवत नव्हती. "नऊदा," ती म्हणाली. "नऊदा बेलपर्यंत हात नेला." मग माझ्याकडे वळून, "शर्टाला इस्त्री त्यांनी स्वतः केली?"

त्याच्या जबाबातलं तिच्यापाशी काही बोलायचं नसतं. पण तिला उत्तराची गरजच नव्हती, ती एकदम खुर्चीत बसली.

"बटण बंद केलं असेल त्यांनी. पण त्या इस्त्रीचं बटण नुसतं नावाला आहे. बंद केलं तरी ती तापतच राहते, प्लगच काढावा लागतो. मी काढते दर वेळी. त्यांना कधी सांगितलंच नाही. सांगायची वेळच कधी आली नाही, त्यांनी कधी इस्त्रीला हात लावला तर ना!" तिचे डोळे भरले. "हे माझ्या नावावर लिहा. माझ्या सहीने."

मी लिहिलं, तिने सही केली. आता एकच अडचण होती. सोफावाल्याच्या पहिल्या जबाबात 'फिरायला' होतं. तो बदलायचा तर त्याने स्वतः, स्वतःच्या तोंडाने बदलायला हवा. मी त्याला फोन केला आणि एवढंच म्हणाले, "जबाबात दुरुस्ती करायची असेल, तर मी तुमच्या मेहुणीच्या घरी आहे. या."

तो अर्ध्या तासात आला. म्हणजे फाटकापर्यंत आला. आम्ही तिघी कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसलो होतो. या वेळी शर्ट चुरगळलेला होता. त्याने हात वर नेला. खाली आणला.

"मी उघडते जाऊन," मेहुणी उठली.

"बस खाली," तिची बहीण म्हणाली. "त्यांना वाजवू दे."

मी एकोणीस वर्षं लोकांच्या उत्तरांची वाट पाहत आलेय, पण अशी कधी पाहिली नव्हती. दुसऱ्यांदा हात. तिसऱ्यांदा. माझ्याच तोंडून निघून गेलं, "अहो, दाबा की!" तपासनिसाने दावेदाराला काहीही सुचवायचं नसतं, पण त्याला ते ऐकू गेलं नाही. पाचव्यांदा हात वर गेला आणि तिथेच राहिला.

बेल वाजली. पोपट एवढ्या जोरात ओरडला की मेहुणी दचकली. सोफावाल्याची बायको डोळे पुसून उठली, फाटक उघडलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय काम होतं?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे. पुन्हा कानापर्यंत लाल झाला.

"दुरुस्ती करायचीय," तो म्हणाला. "मंगळवारी मी फिरायला गेलो नव्हतो. हिला न्यायला आलो होतो."

मी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. मेहुणीने चहा पुढे केला आणि मी तो घेतला.