तिसरी बाटली

गोमाजीने सदऱ्याची बाही कोपराच्या वर सारली आणि हात डॉक्टरीणबाईंपुढे धरला.

"घ्या बाय, पायजे तवरा काडा. माज्या भावाला लावा."

त्याच्यामागे जिन्यावर कोपर गावचे अकरा बाप्ये बाह्या वर करूनच उभे होते. सगळे सकाळीच टेम्पोतून ठाण्याला आले होते. आत आयसीयूत गोमाजीचा धाकटा भाऊ नाथा पडून होता. पोटातला अल्सर फुटून त्याचे बरेच रक्त गेले होते. ऑपरेशनच्या वेळी रक्तपेढीच्या दोन बाटल्या दिल्या, आणि आता चौथ्या दिवशी ताप चढला होता. खाडीत मासळीची डोल, म्हणजे जाळे, लावायच्या जागेवरून भांडण झाल्यापासून दोघे भाऊ आठ महिने एकमेकांशी बोलले नव्हते. बोलणे कुठून सुरू करावे हे गोमाजीला उमगत नव्हते. रक्त देणे त्यामानाने सोपे होते.

"तिसरी बाटली नकोय त्यांना," डॉ. शीला म्हणाल्या. "रक्तस्राव थांबलाय."

"का? आमचं रगत घान हाय काय?"

"तुमच्या रक्तात काही खोट नाही. पण गरज नसताना बाहेरचं रक्त दिलं, तर अंगाची जंतूंशी लढायची ताकद कमी पडू शकते. आणि जंतू इथंच असतात, या दवाखान्यात. आपल्या हातांवरून ते एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात. सकाळपासून कितीजणांनी नाथांच्या कपाळाला हात लावला?"

जिन्यावरचे हात एकेक करून मागे गेले. आजाऱ्याला बघायला जायचे आणि कपाळाला हात न लावता परतायचे, म्हणजे माणुसकी सोडल्यासारखेच होते.

बाकावर बसलेली नाथाची बायको शेवंती उठली. वीस वर्षे ती मासळी बाजारात बसत होती. घ्यायचे काही नाही आणि पापलेटे नुसती चिवडायची, अशा गिऱ्हाइकाच्या हातावर ती सरळ चापट मारी. दहाजणांची बोटे लागलेली मासळी दुपारपर्यंत टिकत नाही, हे तिला कुणा डॉक्टरने शिकवलेले नव्हते.

"समजलं," ती म्हणाली. "दादा, बाही खाली करा. सगल्यांना घेऊन घरा जा."

गोमाजीचे तोंड एवढेसे झाले.

त्या दिवसापासून शेवंतीने आयसीयूच्या दाराशी ठाण मांडले. कोणी आत जाऊ लागले की ती बेसिनकडे बोट दाखवी आणि म्हणे, "हात." वॉर्डबॉयला म्हणाली, सिस्टरला म्हणाली. एकदा मोठे सर्जनसाहेब तरातरा आले, तेव्हा त्यांनाही म्हणाली. सिस्टरने जीभ चावली. साहेब क्षणभर थबकले आणि निमूट बेसिनकडे वळले. शेवंतीला मनातून भीती वाटली होती, पण नवऱ्याच्या जिवापुढे साहेबाची कसली भीड?

सातव्या दिवशी ताप उतरला. तिसरी बाटली लागलीच नाही. नाथाला साध्या वॉर्डात आणले, तेव्हा शेवंती तोंडाला पदर लावून पोटभर रडली आणि मग तिने सगळ्यांसाठी चहा सांगितला.

गोमाजी घरी गेला नव्हताच. रोज खाली जिन्यात बसून होता. तिने त्याला वर बोलावले. त्याने कोपरापर्यंत दोनदा साबण लावला आणि ओले हात अंगापासून लांब धरून तो खाटेपाशी येऊन उभा राहिला.

"दादूस," नाथा क्षीण आवाजात म्हणाला.

"माजं रगत नाय घेतलं रं त्यांनी," गोमाजीने तक्रार केली.

"बरं झालं. घेतलं असतं तं डोलीची जागा पन द्यावी लागली असती."

गोमाजी खो खो हसला आणि हसता हसताच त्याचे डोळे भरून आले. हात नाथाच्या कपाळाकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. त्याने चोरट्यासारखे शेवंतीकडे बघितले.

शेवंतीने खिडकीतले धुतलेले कप उचलले आणि ती ते पुन्हा धुवायला बाहेर निघून गेली.