चौदावं प्रकरण

प्रकरण एक

मुरुम गावी कापसाच्या जिनिंगच्या आवारात नाटक लागलं ते भरदुपारी. इजाजतनाम्यात तसंच लिहिलं होतं, दिवे लागायच्या आत खेळ संपला पाहिजे. साल एकोणीसशे शेहेचाळीस. निजामाच्या मुलखात मराठी नाटक करायचं तर आधी सगळं उर्दूत उतरवून ठाण्यात द्यावं लागे, आणि खेळाच्या वेळी ठाण्याचे अमीनसाहेब स्वतः पुढच्या खुर्चीवर ते कागद मांडीवर घेऊन बसत. त्यांचं बोट उजवीकडून डावीकडं सरकत राही. कागदाबाहेरचा शब्द निघाला, की बोट थांबे.

मल्लिनाथ आडत्या दुसऱ्या रांगेत होता. सकाळी बायको, गौराबाई, म्हणालीही होती, "ऐन तुरीच्या दिवसांत दुकान टाकून नाटकाला? तुमाला बरं हाय न्हवं?"

"शाळंतलं पुस्तक हाय ते माझं. लई आवडीचं."

एवढं खरं होतं. उरलेलं त्यानं सांगितलं नाही. त्या पुस्तकाच्या शेवटी एक दार उघडतं. ते उघडताना त्याला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

प्रकरण दोन

पंधरा वर्षांपूर्वी तालुक्याच्या बोर्डिंगात ते पुस्तक आलं होतं. शाळा उर्दूतली, मराठी कादंबरी म्हणजे अप्रूप. बेंबळीच्या उत्तरेश्वरचा मामा बार्शीहून आला होता आणि त्याच्या पिशवीत 'सातव्या बुरुजाचा बंदी' होतं. चार दिवसांनी मामा येडशीला गाडी धरणार, पुस्तक ठेवून जायला तयार नाही. मग दोघा दोस्तांनी ते उतरवून काढायचं ठरवलं. शिवण सुटलेली, पानं मोकळी. प्रकरण एक, तीन, पाच मल्लिनाथला. दोन, चार, सहा उत्तरेश्वरला. उत्तरेश्वरच्या वाटणीची छापील पानं मल्लिनाथनं कधी पाहिली नाहीत. ती प्रकरणं त्यानं वहीतच वाचली.

बुरुजात कोंडलेला बंदी रोज तीनदा दार ठोठावतो. कुणी येत नाही. फक्त एक मुका द्वारपाल दिवटी घेऊन दाराबाहेर उभा असतो, त्याच्या डाव्या भुवईत खोक. मल्लिनाथच्याही डाव्या भुवईत खोक होती, म्हणून तो त्याला जास्तच आवडे. शेवटच्या, चौदाव्या प्रकरणात हा द्वारपाल कडी काढतो आणि पहिल्यांदा बोलतो, "उशीर झाला. पण आलो."

प्रकरण तीन

पहिल्या अंकात विनोदी शिपायानं तुरीच्या भावावर काहीतरी टोला मारला. लोक हसले. अमीनसाहेबांचं बोट थांबलं.

"ये लिखा नहीं है."

कंपनीचे मालक हिंमतराव स्वतः बंद्याचं काम करीत होते. ते बेड्यांसकट पुढं आले. "कसूर माफ, साहेब. पोरगं वाहवलं."

लोक त्यालाही हसले. अमीनसाहेबांनी मान हलवली, बोट सरकू लागलं.

मल्लिनाथ हसला नाही. अंक संपत आला तरी द्वारपाल आला नव्हता.

प्रकरण चार

वह्या पुऱ्या झाल्यावर दोघं तो खेळ खेळत. बोर्डिंगाच्या मागं जळणाची कोठडी होती, तिचं दार सागवानी. उत्तरेश्वर बंदी, मल्लिनाथ द्वारपाल. बाहेरून कडी घालायची, तीन ठोके पडले की काढायची.

दिवाळीची सुट्टी लागली त्या सकाळी बोर्डिंग रिकामं झालं होतं. उत्तरेश्वरला न्यायला दुपारी गाडी येणार होती. तो म्हणाला, "जायच्या आधी एकडाव." मल्लिनाथनं कडी घातली. तेवढ्यात पुढच्या दारात वडिलांची, महालिंगप्पांची, हाक आली. मल्लिनाथ पळतच गेला. बैल जुंपलेलेच होते. अप्पांनी त्याला उचलून गाडीत बसवलं.

आपण काय विसरलो, ते त्याला वेशीबाहेर आठवलं.

"अप्पा..."

"मास्तर सांगत हुते, कादंबऱ्या वाचतूस म्हनं? घरी चल, तुझ्या कादंबऱ्या चुलीत घालतो."

मल्लिनाथ गप्प बसला. दुपारी उत्तरेश्वरची गाडी येईल, कुणीतरी काढेल कडी, असं त्यानं मनाला सांगितलं. पण बेंबळीच्या गाडीचं चाक वाटेत मोडलं, ती तिसऱ्या दिवशी पोचली. पोरगा आधीच कुणाबरोबर घरी गेला असेल, असं समजून गाडीवान परत फिरला. कोठडी पाचव्या दिवशी उघडली. उत्तरेश्वर तोवर राहिला नव्हता. कडी आपसूक पडली असणार, असं सगळे म्हणाले. मल्लिनाथनंही मान हलवली.

तेव्हापासून चौदावं प्रकरण त्यानं किती वेळा वाचलं, त्याला सुमार नाही. तेवढ्या एका जागी दार उघडत होतं.

प्रकरण पाच

मधल्या सुट्टीत तो कनातीमागं गेला. हिंमतराव दाढी हनुवटीखाली ओढून चहा पीत होते.

"मालक, द्वारपाल कवा येतो?"

"कोण द्वारपाल?"

"मुका. भुवईत खोक असलेला. शेवटी कडी काढतो तो."

"शेटजी, तुमी दुसरंच पुस्तक वाचलंय. यात कडी काढत न्हाय कुणी. बंदी ठोठावतो आन् मरतो. रडून रडून बायकांचे पदर भिजत्यात, त्याच्यावर तर कंपनी चालती माझी." त्यांनी पेटीतून छापील पुस्तक काढून दिलं.

मल्लिनाथनं शेवटचं पान उलटलं. प्रकरण तेरावं. खाली 'समाप्त'. तेरावं त्याच्याच वाटणीचं, पण हे शेवटचं पान त्याच्या हाती कधी आलंच नव्हतं.

तो पानं मागं मागं चाळत गेला. दोन, चार, सहा. दाराबाहेर कुणीच उभं नव्हतं. द्वारपाल फक्त उत्तरेश्वरच्या अक्षरात होता. आणि आपण उतरवलेल्या एकाही प्रकरणात तो कधी आला नव्हता, हे मल्लिनाथला आत्ता, चहाच्या वासात उभं असताना, पहिल्यांदा कळलं.

"शेटजी, घाम आलाय तुमाला. चहा घ्या अर्धा."

प्रकरण सहा

(या जागी उत्तरेश्वरनं काय लिहिलं असतं, ते कुणालाच माहीत नाही.)

प्रकरण सात

तिसऱ्या अंकात बंदी मेला. बायका रडल्या. पडदा पडला तेव्हा कनातीवर अजून ऊन होतं. पडद्यावर बुरुज रंगवला होता, बुरुजात दार, दाराला काळ्या रंगाची कडी. सगळं कापडच.

लोक उठू लागले आणि ठोके पडले. तीन.

"सामान उचकटायला लागले वाटतं," कुणीतरी म्हणालं.

पुन्हा तीन. मल्लिनाथला तो आवाज ओळखीचा होता. सागवानी दारावर पोरसवदा मूठ.

हिंमतराव बाजूच्या बांबूशी उभे होते. दाढी हातात, बेड्या काढलेल्या. तेही पडद्याकडं बघत होते. "आत कोण हाय रे?" त्यांनी विचारलं. कंपनीची सगळी माणसं त्यांच्या मागंच उभी होती.

पुन्हा तीन, या खेपेला हळू. चौथ्या-पाचव्या दिवशी पडावेत तसे.

मल्लिनाथ उठला. मागाहून येऊन बायकांत बसलेली गौराबाई ओरडली, "अहो! तिकडं कुठं?" तो फळ्यांवर चढला. जवळून रंगाला खळीचा वास येत होता. त्यानं रंगवलेल्या कडीवर हात ठेवला. ती गार होती, आणि तिला वजन होतं.

सगळं मुरुम बघत होतं. व्यापारी, शेजारी, अप्पांचे म्हातारे दोस्त.

"म्या घातली हुती," तो मोठ्यानं म्हणाला. "ती आपसूक पडली न्हवती. कडी म्या घातली हुती. आठवल्यावर बी म्या बोललो न्हाय."

कुणी हसलं नाही. हिंमतराव हात जोडून पुढं झाले. "साहेब, ह्यो माणूस आमचा न्हाय. कंपनीचा काय संबंध न्हाय."

प्रकरण चौदा

अमीनसाहेब खुर्चीवरून उठले नव्हते. त्यांच्या मांडीवर कागद तसेच होते. त्यांनी शेवटचं पान उलटलं. त्याच्यामागं अजून एक पान होतं.

बोट उजवीकडून डावीकडं सरकत गेलं. एका जागी थांबलं.

"लिखा है," ते म्हणाले. मग पुढची ओळ वाचून त्यांनी वर पाहिलं. नजर मल्लिनाथच्या डाव्या भुवईवर गेली आणि तिथंच राहिली.

"आगे बोलो."

ठोके थांबले होते. कापडाच्या पलीकडं कुणीतरी दाराला कान लावला, एवढाच आवाज आला.

पुढची ओळ मल्लिनाथला पाठ होती. त्यानं कडी ओढली.