उशी ज्याच्या हातात

ड्रायव्हिंग स्कूलच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी खुर्च्या गोल मांडल्या जायच्या आणि मनाच्या चढ-उतारांनी गांजलेली माणसं एकमेकांना आधार द्यायला बसायची. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता होता. गट चालवणाऱ्या ताई नेमक्या 'वेग कमी करा'च्या खाली बसायच्या, त्यामुळे ती खूण सगळ्यांना दिसायची, त्यांना सोडून.

ताईंना एकेकाळी नैराश्यानं अंथरुणाला खिळवलं होतं. त्यातून त्या उठल्या आणि उठल्या त्या थेट दुसऱ्यांना उठवायलाच निघाल्या. नियम त्यांचेच. त्यांनी घरून आणलेली उशी ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी अडवायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. उशी खाली ठेवली की टाळ्या. कोणी म्हणालं, "आज दात घासले," की टाळ्या. कोणी म्हणालं, "नाही घासले, पण ते सांगायचं धाडस केलं," की आणखी जोरात टाळ्या. चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या आणि म्हणून गटात 'चष्मेवाले' झालेल्या गृहस्थांना वाटायचं, आपण इथे मेलो तरी टाळ्या वाजतील, फक्त त्याआधी उशी खाली ठेवायला हवी.

तरी ते न चुकता यायचे, ते गटातल्याच पार्लरवालीमुळे. हिवाळाभर ती शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसायची आणि उशी आली की चकार शब्द न काढता पुढे द्यायची. एकदा मात्र जिना उतरताना म्हणाली होती, "तुम्ही येता म्हणून मी येते." आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो, असं चष्मेवाल्यांना फार दिवसांनी वाटलं होतं.

त्या गुरुवारी पार्लरवाली आली ती केस लालभडक रंगवून आणि सगळ्यांसाठी अत्तराच्या बाटल्या घेऊन. उशी तिनं ताईंच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली.

"मी बरी झाले! गोळ्या दिल्या फेकून. झोप लागतच नाही, लागायला कशाला हवी? रात्रभर कपाटं आवरते आणि सकाळी बघा कशी टवटवीत! उद्या पार्लरच्या किल्ल्या समोरच्या शिंप्याला देऊन टाकते आणि निघते. गावोगावच्या उदास बायकांचे केस फुकट कापणार मी!"

ताईंचे डोळे भरून आले. अशाच भरात अख्खी बस फुकट फिरवून नोकरी घालवून बसलेला कंडक्टर तर उशी खाली ठेवायचीही वाट न बघता टाळ्या पिटायला लागला. चष्मेवाल्यांनी स्वतः एका उन्हाळ्यात दुकानातल्या सगळ्या फ्रेमा रस्त्यावर वाटल्या होत्या. लोकांनी तेव्हाही टाळ्या वाजवल्या होत्या आणि फ्रेमा घेऊन घरी गेले होते.

ही चढण खोलीतल्या प्रत्येकाच्या पायाखालची होती. पण सगळे मूग गिळून बसले, कारण नियम. आणि खरं सांगायचं तर, पूर्ण बरा झालेला माणूस बघायला ही मंडळी इतकी आसुसली होती की आपल्याच अनुभवाकडे त्यांनी काणाडोळा केला.

चष्मेवाल्यांपुढे पेच पडला. बोलावं तर ही एकुलती एक मैत्री जाणार. न बोलावं तर उद्या पार्लर जाणार आणि त्यामागोमाग तीही.

"शेवटचं कधी झोपलात?" त्यांनी विचारलं. उशी अजून तिच्याच हातात होती.

ताई म्हणाल्या, "चष्मेवाले, नियम!"

"नियम गेला खड्ड्यात. बाई, तुम्ही बऱ्या झालेल्या नाही. हे आजाराचंच दुसरं टोक आहे. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन करा."

"जळता तुम्ही माझ्यावर!" पार्लरवाली कडाडली. "रडत होते तेव्हाच बरी वाटत होते ना तुम्हाला?"

हे वर्मी लागलं, कारण त्यात थोडं खरंही होतं. तरी ते उठले, जिना उतरले आणि खाली स्कूटरवर वाट बघत बसलेल्या तिच्या धाकट्या बहिणीला सगळं सांगून टाकलं. बहिणीनं तिला तशीच डॉक्टरांकडे नेली. जाताना पार्लरवालीनं चष्मेवाल्यांना हासडलेली शिवी अख्ख्या रस्त्यानं ऐकली.

पुढच्या गुरुवारी ताईंनी उशी चष्मेवाल्यांच्या मांडीवर ठेवली आणि नियम मोडल्याबद्दल मन मोकळं करायला सांगितलं. "मन मोकळंच आहे," ते म्हणाले आणि उशी खाली ठेवली. कंडक्टरनं सवयीनं एक टाळी वाजवली, पण ताईंची नजर बघून हात खिशात घातले. शेजारची खुर्ची त्या दिवशी रिकामी होती. पुढेही बरेच गुरुवार ती रिकामीच राहिली.

मग एकदा पार्लरवाली आली. लाल रंगाखालून मुळाशी काळे केस दिसत होते. चष्मेवाल्यांकडे न बघता ती शेजारी बसली. ताईंनी लगबगीनं उशी तिच्या हातात दिली. "सांग ना, सगळ्यांना स्फूर्ती मिळेल असं काहीतरी सांग!"

"किल्ल्या माझ्याकडेच आहेत," ती म्हणाली. "आणि नव्या गोळ्यांनी झोप फार येते."

एवढं बोलून तिनं उशी चष्मेवाल्यांच्या खांद्यावर ठेवली, उशीवर डोकं टेकलं आणि डोळे मिटले. पुढचा माणूस बोलायला खोळंबला होता. ताईंनी तोंड उघडलं.

"ताई," चष्मेवाले अजिबात न हलता, हळू आवाजात म्हणाले, "उशी त्यांच्याकडे आहे."

मग सगळा गट, ताईंसकट, तिचं घोरणं ऐकत बसला. टाळी वाजवायची कोणाची हिंमत झाली नाही.