माझ्यावरचे नाव खरवडले तेव्हा

मित्रांनो, मला जरा अलगद धरा, कडेचा टवका उडालेला आहे. मी एक जुनी तबकडी आहे. काळी, थाळीएवढी, दोन्ही अंगांना मिळून दहा गाणी असलेली. मधोमध नावाचा कागद असायला हवा, तिथे नुसते ओरखडे आहेत. ते कसे आले, ते सांगते.

माझा जन्म दूरच्या एका बेटावरच्या किंग्स्टन शहरातला. ग्रिनिच फार्मच्या किनाऱ्यावर मासे विकणारा एव्हरार्ड चार दिवस स्टुडिओत रेगे, म्हणजे तिथली संथ ठेक्याची गाणी, गायला आणि मी झाले. त्याच्या गाण्यांत उपाशी मुले होती, देव होता, आफ्रिकेतले पूर्वजांचे, न पाहिलेले घर होते. बास गिटारचा सूर इतका खोल, की ऐकणाऱ्याच्या छातीत वाजे. तरी रेडिओवाल्यांनी नाक मुरडले. "नाचायचं काहीतरी आण रे, ही रडगाणी कोण ऐकणार?" माझी भावंडे दुकानात पडून राहिली. शेवटी बहुतेकांना वितळवले आणि त्यांच्यातून दुसऱ्याच कुणाच्या तबकड्या काढल्या.

मला क्लोव्हिसने नेले. रविवारी दुपारी भिंतीएवढे स्पीकर रचून तो अख्खी गल्ली नाचवायचा. पहिल्याच रविवारी लोकांनी पत्र्याचे कुंपण हातांनी बडवून काढले. दाद द्यायची ती अशी! "उचल सुई! पहिल्यापासून लाव!" एकच गाणे सहा वेळा वाजले. मी तर हरखून गेले.

त्याच संध्याकाळी क्लोव्हिसने चाकूने माझ्यावरचे नाव खरवडून टाकले. पलीकडच्या गल्लीतल्या स्पीकरवाल्याला गायक कळला, तर तोही ही तबकडी शोधून आणील, अशी त्याला धास्ती. त्या धंद्यात सगळेच असे करत.

पुढच्या रविवारी एव्हरार्ड माशांची पाटी घेऊन तिथून चालला होता. थबकलाच. "अरे, हा मी गातोय!"

"हो का? मग मी इंग्लंडची राणी!" मासे तळणारी बाई म्हणाली.

"क्लोव्हिस, तू तरी सांग ना यांना."

क्लोव्हिसने आवाज वाढवला. "गाणं लागलंय, नाच की."

सगळे हसले. एव्हरार्डने पाटी उचलली आणि तो गेला. नाव नसलेल्या गायकाला पुन्हा स्टुडिओत कोण बोलावणार? त्याने गाणे सोडले. मी मात्र दर रविवारी वाजत राहिले, आणि मला त्याची लाज वाटे.

मग नवी गाणी आली. मी वीस वर्षे पडवीत खारे वारे खात पडले. एक दिवस क्लोव्हिसने वर्तमानपत्र वाचले. परदेशात कुणाला मधला कागद कोराच राहिलेले माझे एक भावंड सापडले होते. अशी तबकडी पुन्हा झाली नाही, असे त्यात छापले होते. खाली होते, गायक अज्ञात. दुसऱ्या सकाळी त्याने मला साबणाने धुतले आणि प्लेअरसकट एव्हरार्डच्या अंगणात नेले.

एव्हरार्डची म्हातारी आई, व्हायोला, तुरीच्या शेंगा सोलत होती; तो कडेला माशांची पाटी धूत होता. क्लोव्हिसने मला लावले. "मावशी, हा आवाज तुमच्या लेकाचा. नाव मी खरवडलं होतं."

"मला माहीत नव्हतं होय? पहिल्याच रविवारी कुंपणापल्याडून ओळखला. पोटचं पोर आहे माझं."

एव्हरार्ड चमकला. "मग एकदा तरी बोलायचंस, आई!"

"तू त्या नव्या पंथाच्या जटा वाढवल्यास, चर्चकडे पाठ फिरवलीस. राग होता रे. म्हटलं, राग गेला की सांगीन."

"आणि तो गेला कधी?"

"तो तर केव्हाच गेला. सांगायचं तेवढं राहून गेलं." तिने मांडीवरच्या शेंगा बाजूला ठेवल्या. "आता म्हण की एकदा, माझ्यासमोर."

एव्हरार्डने माझ्याबरोबर सूर लावला. पण वीस वर्षे समुद्राच्या वाऱ्यात मासे विकायला ओरडलेला तो गळा! दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. तो थांबला, आईशेजारी बसला आणि शेंगा सोलू लागला. मी एकटीच पुढे गात राहिले.

मित्रांनो, जुन्या तबकड्या पुसून ठेवा, उन्हात टाकू नका. पण माझे खरे मागणे वेगळेच आहे. कुणाचे गाणे आवडले, तर त्याला त्याच दिवशी सांगा, त्याच्या नावाने हाक मारून सांगा. माझ्यातला एव्हरार्ड पंचविशीचाच आहे, तो अजून उंच गातो. पण त्याला सांगून आता काय उपयोग? तबकडीतल्या आवाजाला ऐकू येत नाही.