सुनेची शिकवणी

मुलगा परदेशात नोकरीला आणि सून माझ्याजवळ. इंग्रजीची परीक्षा पास झाल्याशिवाय तिला त्याच्याकडे जायचा परवाना मिळणार नव्हता. शिकवायला घरचाच मास्तर होता. चौतीस वर्षं मी भल्याभल्या ढ पोरांना इंग्रजीत पास करून दाखवलं. ही तर हुशार. रक्ततपासणीच्या लॅबमधून साडेपाचला यायची, हात धुऊन वही उघडायची.

बायको गेल्यापासून घर खायला उठायचं. या मुलीने ते पुन्हा बोलतं केलं. माझ्या घोरण्याची नक्कल करायची, चष्मा शोधून द्यायची आणि वर चार शब्द ऐकवायची. ती गेली तर मी काय करू, या भीतीने मी शेण खाल्लं. गौणवाक्य, म्हणजे इंग्रजीतला डिपेंडंट क्लॉज, मी तिला मुद्दाम चुकीचं शिकवलं. 'कारण बस चुकली', 'मी घरी आले तेव्हा', असले अर्धे तुकडे ती इंग्रजीत लिहून पूर्णविराम द्यायची आणि मी बरोबरची खूण करायचो.

निबंधात ती दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा मीच तिची समजूत काढली. लाज कशी वाटली नाही, कोण जाणे.

मग मुलाच्या वकिलाचं इंग्रजी पत्र आलं. आता आणखी वाट बघणं जमणार नाही, त्याला वेगळं व्हायचं होतं. मी फोनवर त्याला नाही नाही ते बोललो. खरं काय ते मात्र तेव्हाही सांगितलं नाही.

सून रडली नाही. माझ्यासमोर बसून म्हणाली, "अप्पा, तुम्ही एवढी मेहनत घेतलीत, माझंच डोकं चाललं नाही. पण याचं उत्तर मला स्वतः लिहायचंय. तेवढं शिकवा."

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा नीट शिकवलं. गौणवाक्य एकटं सोडायचं नाही, मुख्य वाक्याला जोडायचं, मग अर्थ पुरा होतो. तिने पाच वाक्यं लिहिली. पाचही अचूक. वीस मिनिटंही लागली नाहीत.

ती जुनी पानं उलटत मागे गेली. माझ्या खुणा बघत राहिली.

"एवढं सोपं होतं, अप्पा?"

"तू गेली असतीस," मी म्हणालो.

पत्र तिने एकटीने लिहिलं, मला दाखवलं नाही. महिनाअखेरीला लॅबजवळ खोली घेऊन ती गेली. मी फाटकापर्यंत गेलो. तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि पाहावं असं मी काही ठेवलंही नव्हतं.